सोंग आणि संसार



आमच्या थोरल्या बंधूंची मुलगी गेल्या महिन्यात चार दिवस हरसूलला आमच्याकडे येऊन राहिली. पोरगी पदवीधर आहे. नाशिकला एका खाजगी कंपनीत नोकरी करते आणि दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहते. वय वर्षे २६. आल्या दिवसापासून आम्ही पाहत होतो, की सकाळचे काम उरकले की ती ओट्यावर भिंतीला टेकून बसते आणि मोबाईलमध्ये डोके घालते, ते जेवायला हाक मारीपर्यंत. शेवटी एका संध्याकाळी कचेरीतून आल्यावर आम्ही जरा आवाज चढवूनच विचारले, "काय गं, एवढे काय असते त्यात दिवसभर?"

"नाना, पुस्तक वाचतेय," ती म्हणाली.

पुस्तक म्हटल्यावर आमचा आवाज खाली आला. वाचणाऱ्या माणसाला आमच्या घरात आजवर कोणी हटकलेले नाही. पण कशाचे पुस्तक, हे विचारल्यावर ती थोडी लाजली आणि म्हणाली, "खोट्या प्रेमाची गोष्ट आहे."

हा काय प्रकार, म्हणून आम्ही खोलात शिरलो. तेव्हा कळले, की इंग्रजीत सध्या अशा कादंबऱ्यांची मोठी लाट आहे. एकमेकांवर प्रेम नसलेली दोन माणसे काही अडचणीमुळे आपसात करार करतात, की जगासमोर आपण जोडपे म्हणून वावरायचे. जेनी हान या लेखिकेची 'टू ऑल द बॉइज आय हॅव्ह लव्हड बिफोर' ही कादंबरी २०१४ साली आली आणि २०१८ मध्ये तिचा चित्रपट निघाला. तीत शाळकरी मुलीने लिहून लपवून ठेवलेली पत्रे त्या त्या मुलांच्या हाती पडतात, आणि ती फजिती निस्तरण्यासाठी ती एका मुलाबरोबर चक्क कागदावर अटी लिहून खोटी जोडी जमवते. अली हेझलवूड यांच्या २०२१ च्या 'द लव्ह हायपोथिसिस' मध्ये संशोधन करणारी विद्यार्थिनी मैत्रिणीची समजूत पटावी म्हणून एका प्राध्यापकाबरोबर असेच नाटक वठवते. नाटक करता करता दोघांना एकमेकांची सवय होते, ओढ लागते आणि शेवटी खोट्याचे खरे होते. पुतणीच्या म्हणण्याप्रमाणे अशा सगळ्या गोष्टींचा शेवट हाच.

"शेवट ठाऊक असतो, तर वाचतेस कशाला?" आम्ही विचारले.

"शेवट ठाऊक असतो म्हणूनच वाचते, नाना," ती म्हणाली आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसली.

हे उत्तर आमच्या मनातून जाईना. म्हणून या अंकात तोच विषय घेतला आहे. तरुण पोरापोरींच्या वाचनाला थिल्लर म्हणून मोकळे होणे सोपे असते. पण शिकलेली, कमावती मुलगी दिवसभराच्या शिणवट्यानंतर जिथे जाऊन विसावते, ती जागा वडीलधाऱ्यांनी एकदा पाहायला नको काय?

पहिली गोष्ट ही, की सोंगातून सत्य निघण्याची कथा आपल्याकडे मुळीच नवी नाही. आमच्या या पट्ट्यात, म्हणजे हरसूल, पेठ, सुरगाणा, जव्हार, मोखाडा या भागात, उन्हाळ्यात बोहाडा होतो. रात्र रात्र टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर मुखवटे घातलेली सोंगे नाचतात. आम्ही बौद्ध, त्या देवदेवतांची पूजा आम्ही करीत नाही. परंतु आदिवासी बांधवांची ही कला आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. मुखवटा चढला की काल बांधावर भेटलेला माणूस निराळाच दिसतो, लोक त्याला वाट करून देतात. सकाळी मुखवटा उतरला की तोच माणूस परत कामाला लागतो. सोंग घेतल्यावर माणसाला एरवी न करता येणारी गोष्ट करता येते, हे आमच्या पाड्यांवरच्या लहान मुलालाही ठाऊक आहे.

मराठी रंगभूमीवर १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र' आले. त्यात अर्जुन यतीचा वेष घेऊन सुभद्रेच्या घरात राहतो. हॉलिवूडमध्ये १९३४ साली फ्रँक काप्रा यांचा 'इट हॅपन्ड वन नाइट' निघाला. घरातून पळालेली श्रीमंताची मुलगी आणि नोकरी गेलेला पत्रकार प्रवासात नवरा-बायको असल्याचे सांगून एका खोलीत उतरतात आणि मध्ये दोरीवर घोंगडी टाकून भिंत करतात. त्या चित्रपटाला ऑस्करची पाच प्रमुख पारितोषिके मिळाली. त्याच कथेवर आपल्याकडे १९५६ साली राज कपूर-नर्गिस यांचा 'चोरी चोरी' आणि १९९१ साली 'दिल है के मानता नहीं' आला. आणि मराठी माणसाला तर १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' वेगळा सांगायला नको. हृषिकेश मुखर्जी यांच्या 'बीवी और मकान' या १९६६ च्या हिंदी चित्रपटावरून सचिन यांनी तो केला. लीलाबाई काळभोर जोडप्यांनाच जागा देतात, म्हणून चार पुरुषांपैकी दोघांना साडी नेसून बायका व्हावे लागते.

पण पुतणी वाचते त्या गोष्टीच्या अगदी जवळची मराठी कथा म्हणजे २०१२ साली झी मराठीवर लागलेली 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'. दिग्दर्शक सतीश राजवाडे. स्वप्नील जोशी यांचा घनश्याम आणि मुक्ता बर्वे यांची राधा. दोघांनाही लग्न करायचे नाही, दोघांच्याही घरून आग्रह चाललेला. मग ते आपसात ठरवून नावापुरते लग्न करतात आणि पुढे त्या नावापुरत्या लग्नातच एकमेकांत गुंततात. आमच्या घरी ही मालिका लागली की भाकरी तव्यावर करपायची. आमच्या सौ. त्या वेळी म्हणायच्या, "त्यांना ठाऊक नाही, पण आपल्याला ठाऊक आहे ना, ते एकमेकांचेच आहेत म्हणून." आज विचार करता वाटते, की सगळे मर्म त्या वाक्यात होते. पात्रांना जे कळलेले नाही ते वाचकाला आधीच कळलेले असते, आणि त्यामुळे त्याला कसलीही धाकधूक राहत नाही.

आता या गोष्टींनी मनाला उभारी का मिळते, याची आम्हांस सुचलेली कारणे मांडतो.

पहिले कारण शेवटाची हमी. नोकरी टिकेल की नाही, खोलीचे भाडे वाढेल काय, बापाचे दुखणे कुठवर जाईल, यांपैकी कशाचीच हमी नसलेल्या माणसाला दोन-तीनशे पाने हमी देणारी वस्तू प्रिय वाटणारच. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८४ साली 'रीडिंग द रोमान्स' हे पुस्तक लिहिले. प्रेमकथा वाचणाऱ्या साध्या गृहिणींशी बोलून त्यांनी ते लिहिले. त्यांना आढळले, की दिवसभर नवऱ्याचे आणि मुलांचे करणाऱ्या या बायांना पुस्तक उघडले की तेवढा वेळ स्वतःचा वाटत असे, आणि शेवट गोड नसलेली गोष्ट त्यांना नको असे. आपल्याकडे फडके, काकोडकर यांच्या कादंबऱ्या वाचनालयांतून नेणाऱ्या आयाबहिणींचेही याहून वेगळे नव्हते. दुसऱ्यासाठी राबणाऱ्या बाईला आपल्यापुरता अर्धा तास हवा असतो.

दुसरे कारण असे, की खोट्या जोडीत नकाराची भीती नसते. खरे प्रेम सांगायचे तर समोरचा हसेल, नाही म्हणेल, चार लोकांत सांगेल, ही धास्ती. इथे सर्व काही 'नाटक' म्हणून चालू असल्याने हात धरला तरी तो नाटकातला, काळजी केली तरी ती नाटकातली. लाजाळू माणसाला अशी आडोशाची जागा बरी वाटते.

तिसरे कारण म्हणजे दोघांपैकी कोणीच कोणाला भुरळ घालण्याच्या खटपटीत नसते. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलगा इस्त्रीचे कपडे घालून येतो, मुलगी मान खाली घालून बसते, पगार थोडा वाढवून सांगितला जातो, वय थोडे कमी करून. म्हणजे जिथे खरे बोलायला हवे तिथे सोंग! उलट त्या खोट्या करारातली माणसे एकमेकांसमोर जशी असतात तशी वागतात. चिडतात, घोरतात, डबा विसरतात. सोंग बाहेरच्या जगासाठी असते, आपसात नसते.

आणि चौथे कारण, जे आम्हांस सर्वांत मोठे वाटते, ते म्हणजे करार. या गोष्टींत दोघे आधी समोरासमोर बसतात. काय चालेल, काय चालणार नाही, किती दिवस, कोणाला सांगायचे, हे ठरवतात. मुलीला विचारले जाते. ती अट घालते आणि ती अट पाळली जाते. १९३४ च्या त्या चित्रपटातली दोरीवरची घोंगडी हीसुद्धा एक अटच होय.

इथवर आम्ही या गोष्टींच्या बाजूने बोललो. आता दुसरी बाजू.

या कथांत अडचण असते ती फक्त दोघांच्या मनात. त्याला कळत नाही, तिला सांगवत नाही, एवढेच. ते कळले आणि सांगितले की पुस्तक संपते. घनश्याम काळे आणि राधा देसाई यांचे खोटे लग्न सहज लागले, कारण आडनावे ऐकून मांडवातून कोणी उठून जाणार नव्हते. आपल्या समाजातल्या किती पोरापोरींची अडचण मनातली असते? मन केव्हाच जुळलेले असते. अडचण दाराबाहेर काठी घेऊन उभी असते. म्हणून या गोष्टी वाचून विसावा घ्यावा, पण त्यांना जगाचा नकाशा समजू नये.

सोंगसुद्धा सगळ्यांना सारखे सुखाचे नसते. 'बनवाबनवी'तले चौघे जागेसाठी खोटे बोलतात आणि आपण पोट धरून हसतो, आम्हीही हसतो. पण खोलीसाठी खोटे बोलण्याची आणखी एक हकीकत आपल्या घराघरांत माहीत आहे. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा कोणी देईना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून त्यांना उतरावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना तिथून बाहेर काढले. त्या सोंगाचा शेवट गोड झाला नाही. आमच्या पुतणीला नाशिकमध्ये खोली शोधताना पहिल्या तीन ठिकाणी आडनाव विचारले गेले. चौथ्या ठिकाणी तिची मैत्रीण पुढे होऊन बोलली, तेव्हा खोली मिळाली. ज्याला पोटासाठी आणि छपरासाठी सोंग घ्यावे लागते, त्याला त्यात मौज नसते. सोंग कधी उतरवता येईल याचीच तो वाट पाहत असतो.

तिसरी गोष्ट इशाऱ्याची. कादंबरीतले खोटे दोघांना ठाऊक असते. खोटे एकालाच ठाऊक आणि दुसरी अंधारात, हा प्रकार प्रेमकथेचा नव्हे, फसवणुकीचा. लग्नाचे वचन पाळण्याचा इरादाच नसताना ते देऊन, किंवा आपली खरी ओळख लपवून लग्न करून, मुलीशी शरीरसंबंध ठेवणे हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ खाली गुन्हा आहे. त्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ हा बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवून संमती घेतली असेल तर ते लग्न न्यायालयाकडून रद्द करून घेता येते. मात्र फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण अनेक मुली लाजेपोटी हे वर्ष घालवतात. आणि ज्यांना जातीबाहेर उघडपणे लग्न करायचे आहे त्यांच्यासाठी विशेष विवाह कायदा १९५४ आहे. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती ३० दिवस फलकावर लागते, मग तीन साक्षीदारांसमोर विवाह होतो. त्या तीस दिवसांत घरच्यांचा दबाव येतो, हेही खरे. म्हणून अशा जोडप्याच्या पाठीशी त्या महिन्यात कोणीतरी वडीलधारे उभे राहिले पाहिजे. साक्षीदार म्हणून सही करायला कार्यकर्ते मिळतात. पण रोज संध्याकाळी जाऊन 'काही त्रास नाही ना' असे विचारणारे कमी मिळतात.

आता थोडे आमच्या पाड्यांकडे पाहू. करारी लग्नाच्या गोष्टीत आधी विधी होतो आणि संसार मागून येतो. आमच्या भागात याच्या अगदी उलटे दिसते. आदिवासी पाड्यांवर अशी जोडपी आहेत, की ज्यांनी आधी संसार मांडला आणि लग्न पुढे, पैसा जमेल तेव्हा लावले. लग्न म्हणजे मांडव, जेवण, कपडे. नागली-वरईच्या आणि पावसाच्या भातावर एवढा खर्च निघत नाही. पाऊस सरला की दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांत मजुरीला जायचे, परत यायचे, पुन्हा पेरायचे. मग कधी सामुदायिक विवाह सोहळ्यात पोरेबाळे झालेली जोडपी बोहल्यावर उभी राहतात आणि त्यांचीच मुले अक्षता टाकतात. यात कोणाला काही वावगे वाटत नाही. दोघांनी एकमेकांना पसंत करून एका चुलीवर शिजवले, हे पाड्याला पुरते. कागद नसल्याने बाईची अडचण होते हे मात्र खरे. वारसाचे काम निघाले की आम्ही ते टेबलाच्या या बाजूने पाहतो. म्हणून नोंदणी करून घ्या, असे आम्ही भेटेल त्या जोडप्याला सांगत असतो. तथापि, एक गोष्ट तिथे शिकण्यासारखी आहे. आधी दोन माणसे, मग मांडव.

हे सर्व आम्ही चौथ्या दिवशी रात्री पुतणीला मोठ्या उत्साहाने ऐकवले. तिने सगळे ऐकून घेतले. मग हातातली अंगठी काढून आमच्यापुढे ठेवली. आम्ही ती चार दिवस पाहत होतो, पण विचारले नव्हते.

"ही खोटी आहे, नाना. बाजारात घेतली. कंपनीत आणि घरमालकिणीला मी सांगितलेय, की माझे लग्न ठरलेय. नाहीतर रोज विचारतात, अजून का नाही, काही अडचण आहे का. ठरलेय म्हटल्यावर सगळ्या गप्प बसल्या."

आम्ही काही बोलण्याआधी तिने पुढे विचारले, "येत्या रविवारी माझ्या घरी पाहुणे येणार आहेत. ते स्थळ तुम्हीच आणलेत ना?"

होय, आम्हीच आणले होते. मुलगा सरकारी नोकरीत, निर्व्यसनी, चळवळीतल्या घरातला. आम्ही बंधूंशी बोललो, वहिनींशी बोललो, मुलाच्या वडिलांशी दोनदा बोललो. पाहुणे किती येणार, चहा की जेवण, इथपर्यंत ठरले होते.

"त्या खोट्या गोष्टींत पोरीला आधी विचारतात, नाना. तुमच्या खऱ्या गोष्टीत मला कोणी विचारले का?"

वाचकहो, स्त्री-पुरुष समतेवर आम्ही आजवर निदान पन्नास ठिकाणी बोललो असू. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, हे दरवर्षी सांगतो. आणि आमच्याच घरातल्या पोरीला तिच्याच लग्नाबद्दल विचारायचे आमच्या लक्षात राहिले नव्हते. ती चार दिवस हरसूलला हवा खायला आली नव्हती. हे बोलण्यासाठी आली होती आणि आम्ही विचारू, म्हणून वाट पाहत होती. विचारले नाही, म्हणून पुस्तकात डोके घालून बसली होती.

त्याच रात्री आम्ही बंधूंना फोन लावला. ते आधी तापले. पाहुण्यांना काय सांगायचे, हा त्यांचा प्रश्न. आम्ही म्हटले, जे खरे आहे ते सांगायचे, की मुलीला विचारायचे राहून गेले, चूक आमची. दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः मुलाच्या वडिलांना तसे कळवले. आम्हांस वाटले होते, संबंध तुटेल. पण पलीकडून थोडा वेळ शांतता झाली आणि ते म्हणाले, "आम्हीही मुलाला नीट विचारले नाही हो." आता दोघे एकदा नाशिकला, सार्वजनिक ठिकाणी, दिवसाउजेडी भेटून बोलले आहेत. आणखी एकदा भेटणार आहेत. पुढे काय ठरेल ते आम्हांस ठाऊक नाही आणि आम्ही रोज विचारायचेही नाही, असे सौ.ने बजावले आहे. पुतणीने अंगठी मात्र परत बोटात घातली. म्हणाली, कंपनीत अजून उपयोगाची आहे.

ज्यांच्या घरी वीस-पंचवीस वर्षांची मुलगी आहे, त्यांना आमची एवढीच विनंती आहे. ती कोणती पुस्तके वाचते यावर तिला बोलू नका. तिच्याजवळ बसा आणि ती गोष्ट काय आहे ते सांगायला लावा. ती गोष्ट सांगता सांगता स्वतःचेही काही बोलून जाईल. तेवढे नीट ऐका, आणि स्थळ आणण्यापूर्वी तिला एकदा विचारा. नाही म्हणाली तर ते नाही समजा.

पुढच्या अंकी भेटूच. जयभीम.